यादीबाहेरच्या वाड्या

इर्शाळवाडी गेली त्या आठवड्यात 'निसर्गाचा कोप' हे शब्द किती वेळा कानावर पडले याची मोजदाद नाही. पुढारी बोलले, वाहिन्या बोलल्या, श्रद्धांजलीच्या फलकांवरही तेच छापले गेले. कोप म्हटला की कोपणारा आला, आणि कोपणारा आला की त्याला शांत करण्याचे विधी आले. येत नाही ती फक्त जबाबदारी. 1934 साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे सांगितले होते, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली होती. त्या भूकंपात अस्पृश्यांचीही घरे पडलीच होती. ते कोणत्या पापाची शिक्षा भोगत होते, हा साधा प्रश्न आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही हे ज्यांनी स्वीकारले, त्यांनी तरी आपल्या तोंडून 'कोप' हा शब्द काढून टाकला पाहिजे आणि कारणाकडे बघितले पाहिजे.

काय घडले ते आधी पाहू. खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगडाच्या उतारावर ठाकर समाजाची ही वाडी. वाडीत साधारण 228 माणसे. वर जायला रस्ता नाही, चिखलातून तास-दीड तासाची चढण. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा भाग सुटला आणि झोपलेल्या घरांवर आला. शाळेत झोपायला गेलेली काही मुले वाचली आणि बाहेरच्या जगाला खबर देणाऱ्यांत तीच पहिली होती. हेलिकॉप्टर हवामानामुळे उतरू शकले नाही, जेसीबी वर चढू शकले नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी आणि मजुरांनी कुदळी-फावड्यांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे मिळालीच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवण्यात आला आणि त्यांना मृत मानण्यात आले. 84 माणसे, एका रात्रीत, मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर. आश्रमशाळेत असलेली लेकरे वाचली. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप गेले.

तेव्हा अधिवेशन चालू होते. उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले. तीन दिवसांत त्या भागात 499 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यांनी सांगितले. ही माहिती बचावासाठी दिली गेली. परंतु नीट ऐकले तर तो कबुलीजबाब आहे. डोंगराच्या कुशीत, गडाच्या खाली, पिढ्यान् पिढ्या माणसे राहत होती आणि सरकारच्या धोक्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते!

यादीत नाव नसणे आपल्या लोकांना नवे नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसते, रेशनच्या यादीतून नाव गळते, सातबाऱ्यावर नाव चढत नाही. आजवर यादीत नाव नाही म्हणजे धान्य नाही, घरकुल नाही, एवढेच आपण समजत होतो. यादीत नाव नाही म्हणजे जीव नाही, हे इर्शाळवाडीने दाखवले.

यादी अशी का झाली, हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर नुसता संताप उरतो. सरकारी कारभाराचा एकक म्हणजे महसुली गाव. गाव सपाटीवर असते, रस्त्यावर असते, तिथे ग्रामपंचायतीची कचेरी असते. वाडी त्या गावाची असते, पण दोन-तीन किलोमीटर दूर आणि चारशे-पाचशे फूट वर असते. गाव पाहून 'धोका नाही' असा शेरा पडला की वाडीलाही तोच लागू होतो. शिवाय जिथे पूर्वी दरड कोसळली तिथेच यादी जास्त लक्ष देते. म्हणजे धोक्याच्या यादीत यायचे तर आधी एकदा मरायला हवे. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, मग महाड-पोलादपूरकडे लक्ष गेले. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातले माळीण गेले, दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर पोचवली ती एसटीच्या चालकाने. 22 जुलै 2021 ला महाडचे तळिये गेले, ऐंशीहून अधिक माणसे. प्रत्येक वेळी सर्वेक्षणाची घोषणा झाली.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे चळवळीतल्या वकील मंडळींनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही. कर्जत आणि खालापुरात ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या डोंगरभर पसरल्या आहेत. पण रायगड जिल्ह्याचा एकही भाग पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. शेजारच्या ठाणे-पालघरच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, आपल्याकडच्या वाडीला ती मागता येत नाही. वाडीचा प्रश्न मोठ्या गावाच्या ग्रामसभेत मांडावा लागतो, आणि तिथे वाडीचा आवाज किती, हे सांगायला नको.

या दोन तालुक्यांचा भूगोल एकदा डोळ्यांसमोर आणा. मध्ये माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, दक्षिणेला बोरघाट. खाली उल्हास, पेज आणि पाताळगंगा. 2005 च्या पावसाने नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे अशी उखडली की ती पुन्हा धावायला 2007 उजाडले. म्हणजे हा डोंगर हलतो, हे रेल्वेला ठाऊक होते. डोंगराच्या पोटातल्या वाड्यांना कोणी काय सांगितले? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जतमध्ये फार्महाऊस आणि सेकंड होमचे पीक आले. उतार कापून सपाट प्लॉट काढायचा, वाटेतला ओहोळ भरून टाकायचा, वर संरक्षक भिंत बांधायची. पाण्याची जुनी वाट बंद झाली की पाणी नवी वाट शोधते, आणि ती बहुतेक वेळा खालच्या वस्तीतून जाते. इर्शाळगडावरून खाली पाहिले तर मोरबे धरणाचे पाणी दिसते. ते पाणी नवी मुंबईला जाते. ज्या डोंगराच्या पायथ्याचे पाणी शहराला पोचवायला जलवाहिनी टाकता आली, त्याच डोंगरावरच्या वाडीला पायवाटेच्या पलीकडे काही मिळाले नाही.

आता 'तयारी' कशी होते ते पाहू. दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी किती, जनरेटर किती, रस्सी किती, नियंत्रण कक्ष चोवीस तास चालू, अधिकाऱ्यांनी मुख्यालय सोडू नये. हे सगळे हवेच. 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, 112 आणि 108 हे क्रमांक पाठ असलेच पाहिजेत. पण ही तयारी तालुक्याच्या कचेरीची झाली. वाडीची तयारी कुठे आहे? राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघणार, घाट उतरणार, मग डोंगर चढणार. मातीखालचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. तळियेत रस्ते पाण्याखाली होते आणि पहिल्या रात्री गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी माती उकरली. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराहून अधिक प्रवासी. दल आणि नौदल पोचण्याआधी बिस्किटे-पाणी घेऊन जवळच्या गावचे लोक पोचले होते. इर्शाळवाडीतही खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या स्थानिक गिर्यारोहकांची पोरे अंधारात वर चढली. पहिले काही तास शेजाऱ्याचे असतात. मग तयारीचा पैसा आणि शिक्षण शेजाऱ्याकडे का जाऊ नये?

कायदाही हेच सांगतो. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्ह्यासाठी प्राधिकरण नेमतो. अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सहअध्यक्ष. जिल्ह्यातील धोक्याची ठिकाणे शोधून आराखड्यात नोंदवणे आणि लोकांना प्रशिक्षण देणे ही या प्राधिकरणाची कामे कायद्यात लिहिलेली आहेत. ग्रामपंचायत हीसुद्धा या कायद्याखालची स्थानिक संस्था आहे, तिच्यावरही कर्तव्ये आहेत. केंद्राने 2016 मध्ये 'आपदा मित्र' योजना पूरप्रवण जिल्ह्यांसाठी सुरू केली आणि पुढे ती 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्याचे ठरवले. आपल्या तालुक्यातल्या आपदा मित्रांत डोंगरावरच्या वाडीतला एक तरी तरुण किंवा तरुणी आहे का, हे तहसील कचेरीत जाऊन विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुरेसा आहे.

आणि इथे कॅलेंडरचा एक घोळ आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आढावा मे महिन्यात, ग्रामसभा 1 मेला, सर्वेक्षण उन्हाळ्यात. सर्वेक्षणाला माणूस येतो तेव्हा वाडीत म्हातारे आणि कुलपे असतात. माणसे परत येतात ती पहिल्या सरींबरोबर, आणि सरकारी कागदावर तोवर 'कार्यवाही पूर्ण' झालेली असते. ज्यांच्यासाठी तयारी करायची ते गैरहजर असताना केलेली तयारी कोणाची?

वाडीने स्वतः काय करावे, हे आता सांगतो. यात फार मोठे शास्त्र नाही आणि खर्च तर नाहीच. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या तोंडाचा पत्र्याचा डबा उघड्या माळावर, झाडापासून आणि छपरापासून दूर ठेवायचा. चोवीस तासांत त्यात जितके मिलिमीटर पाणी साचेल तितके मिलिमीटर पाऊस झाला. शाळेतली पट्टी बुडवून आठवीतली मुलगीसुद्धा मोजू शकते. हवामान खाते एका दिवसात साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, एकशे पंधराच्या पुढे अतिमुसळधार आणि दोनशे चारच्या वर अत्यंत मुसळधार म्हणते. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आणि डोंगरावरचा आकडा यांत पुष्कळ फरक पडतो, म्हणून वाडीचा आकडा वाडीनेच ठेवावा. एका दिवसाचा आकडा पाहून भागत नाही, सलग तीन-चार दिवसांची बेरीज पाहावी. माती भिजत भिजत जड होते, खालच्या कातळावर तिची पकड सुटते, आणि मग एका सरीचे निमित्त पुरते. किती बेरीज झाली की वाडी खाली करायची, तो आकडा भूवैज्ञानिकांनी जागा पाहून ठरवून द्यावा. आणि तो येईपर्यंत वाडीने आपल्या जुन्याजाणत्यांना विचारून स्वतःचा ठरवावा, उशिरापेक्षा लवकरचा.

डोंगर बोलतो, असे ठाकर म्हातारे सांगतात. ते खरे आहे आणि भूशास्त्रही तेच सांगते. वरच्या माळावर जमिनीला नवी भेग पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, कधी नव्हता तिथे झरा फुटणे, स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणे, भर पावसात ओहोळाचे पाणी अचानक कमी होणे, घराचे दार चौकटीत अडकू लागणे. यांतले एक जरी दिसले तरी पंचांना किंवा पोलीस पाटलाला विचारत बसायचे नाही, निघायचे. दररोज सकाळी दोघांनी वर फेरी मारून यायची पाळी लावावी. गुराखी पोरे हे आपोआप करतातच, फक्त त्यांचे ऐकायची सवय मोठ्यांनी लावून घ्यावी.

निघायचे, पण कुठे? इथे प्रश्न अडतो. माणसे धोका दिसत असूनही का निघत नाहीत, याची चेष्टा शहरातले लोक करतात. ज्याच्या घरात वर्षाचे भात कणगीत आहे, दारात चार शेळ्या आणि दहा कोंबड्या आहेत, तो ते सोडून शाळेच्या थंड फरशीवर जाऊन बसणार नाही. म्हणून निवाऱ्याचा विचार करताना शेळ्यांच्या छपराचा विचार आधी झाला पाहिजे, धान्य ठेवायला कोरडी खोली पाहिजे. शाळेची किल्ली गुरुजींबरोबर कर्जतला किंवा खोपोलीला जात असेल तर रात्री ती शाळा निवारा नाही, नुसती भिंत आहे. एक किल्ली वाडीतच राहिली पाहिजे. ज्यांना चालता येत नाही त्यांची नावे आणि त्यांना झोळीत घालून कोण नेणार त्या चौघांची नावे पावसाआधी ठरली पाहिजेत. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यात खालीच ठेवावे. मोबाईलला रेंज नसेल तेव्हा इशारा काय? थाळी, शिट्टी, ढोल, जे असेल ते, पण एकच ठरवावे, आणि तो आवाज दुसऱ्या कशासाठीही वाजवायचा नाही.

न निघण्याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. एकदा जागा सोडली की वनखाते परत येऊ देईल का, ही धास्ती. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, तो दरडीला जेवढा भितो तेवढाच कागदाला भितो. वनहक्क कायदा 2006 सालचा आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हुसकावता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या कलम 3(2) खाली रस्ता, शाळा, समाजमंदिर, पिण्याच्या पाण्याची सोय यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. 'वनखाते परवानगी देत नाही' हे उत्तर ऐकून ज्या ज्या वाडीचा रस्ता अडला आहे, तिथे हे कलम घेऊन जाणारा कार्यकर्ता हवा. आपल्यातल्या ज्या तरुणांनी कायद्याच्या पदव्या घेतल्या त्यांच्यासाठी यापेक्षा मोठे काम दुसरे कोणते?

कायमचे हलवायचे तर तेही माणसांना विचारून. माळीणचे नवे गाव 2017 च्या एप्रिलमध्ये वाजतगाजत लोकांच्या ताब्यात दिले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथे भराव खचला, भेगा पडल्या. इर्शाळवाडीतली वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवली गेली आणि 2024 चा जुलै उजाडला तेव्हाही ती कंटेनरमध्येच होती. उन्हाळ्यात पत्र्याच्या त्या डब्यात बसून पाहावे म्हणजे 'तात्पुरते पुनर्वसन' या शब्दांचा अर्थ कळेल. डोंगरावर ज्यांचे नाचणी-वरीचे शेत आहे, रानभाजी आहे, सरपण आहे, त्यांना लांबच्या माळावर नेऊन टाकले तर दरडीपासून वाचवून उपासाच्या तोंडी दिल्यासारखे होते. जवळची, सपाट, सुरक्षित जागा, नावावर जमीन आणि शेतापर्यंतची वाट, एवढे तरी बोलणे दुर्घटनेआधी झाले पाहिजे.

खालापूरला डोंगराबरोबर दुसराही शेजारी आहे. पाताळगंगा, रसायनी, खोपोलीचे कारखाने आणि द्रुतगती मार्गावरून चोवीस तास धावणारे टँकर. भोपाळमध्ये 1984 च्या त्या रात्री ओले फडके नाकातोंडावर धरा, एवढी साधी सूचनाही कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोपड्यांना आधी कोणी दिलेली नव्हती. त्यानंतर कायदे झाले. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोका कोणता आणि अपघात झाला तर काय करायचे, हे आधीच सांगितले पाहिजे. 1996 च्या नियमांनुसार औद्योगिक पट्ट्यात स्थानिक संकट गट असला पाहिजे. तो आपल्याकडे आहे का, त्याची बैठक कधी झाली, त्यात कारखान्याला लागून असलेल्या वस्तीतले कोणी आहे का? कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी कामगार म्हणून आपली पोरे रांगेत उभी असतात. आत काय शिजते हे त्यांच्या घरच्यांना माहीत नसते.

आपत्ती सगळ्यांना सारखी, असे म्हणतात. पाऊस सारखा पडतो हे खरे, पण घरे सारख्या जागी नसतात. गावकुसाबाहेरची वस्ती ओढ्याकाठी, खोलगटात, स्मशानाच्या वाटेवर कोणी ठेवली, ते निसर्गाने ठरवलेले नव्हते. आणि मदत तर मुळीच सारखी पोचत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमला दलितांना निवारा छावण्यांत भेदभावाला तोंड द्यावे लागले, हे तेव्हाच्या पाहणी अहवालांत नोंदलेले आहे. म्हणूनच 2005 च्या कायद्यातले कलम 61 प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम बजावते. गावातला निवारा देवळाच्या सभामंडपात ठेवला असेल आणि वाडीची माणसे पायरीवर बसत असतील, तर हे कलम तिथे मोठ्याने वाचायचे.

भरपाईचा हिशेबही पाहा. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत पक्के किंवा कच्चे घर पूर्ण पडले तर सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये, आणि झोपडी गेली तर 8 हजार. कातकऱ्याचे कुडाचे घर पंचनाम्यात 'घर' लिहिले गेले की 'झोपडी', या एका शब्दावर 1 लाख 12 हजारांचा फरक पडतो! मालकाच्या जागेत घर असेल तर आणखी प्रश्न. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक घराचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, घरापुढे घरातली सगळी माणसे उभी करून. ग्रामपंचायतीकडून घराची नोंद आणि घरपट्टीची पावती मागावी. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचा कागद दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात द्यावी. वाडीत कोण आहे आणि कोण भट्टीवर, कोण आश्रमशाळेत, याची एक वही दर आठवड्याला लिहावी. इर्शाळवाडीत मातीखाली नेमके किती जण, हा आकडा जुळवताना दिवस गेले. वहीने माणूस जिवंत होत नाही, पण कुठे खणायचे आणि कोणाला शोधायचे नाही हे कळते.

आता आपल्याकडे वळू. आपली चळवळ या कामात कुठे आहे? 1943 च्या दामोदरच्या पुरानंतर व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी नदी खोऱ्याच्या योजनेचे काम हाती घेतले, 1945 मध्ये कलकत्ता आणि कटकच्या परिषदांचे अध्यक्षपद भूषवले, आणि पुढे 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. पूर ही नशिबाची नाही, नियोजनाची बाब आहे, ही दृष्टी त्यामागे होती. याच कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतीविरुद्धच्या लढ्यात ते कुळांच्या बाजूने उभे राहिले, आणि ती कुळे एका जातीची नव्हती. आपण मात्र जयंतीची कमान एप्रिलमध्ये उभी करतो, उतरवतो, आणि पावसाळ्यात विहाराचे छप्पर गळते म्हणून वर्गणी काढतो. डोंगरावरच्या ठाकर-कातकरी वाडीत आपला कार्यकर्ता निवडणुकीखेरीज किती वेळा चढला? 'ते आपल्यात येत नाहीत' असे म्हणणे सोपे आहे. आपणही त्यांच्यात जात नाही.

खरे तर आपल्याजवळ एक तयार व्यवस्था आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो. गावोगावच्या विहारात ग्रंथवाचन होते, महिला मंडळाच्या भगिनी न चुकता जमतात. भिक्खूंनी पावसात प्रवास थांबवून एका जागी राहावे, यासाठी सुरू झालेली ही प्रथा. पावसाचे आणि माणसे एकत्र येण्याचे हेच तीन महिने. मग वाचन संपल्यावर दहा मिनिटे डब्यातला पावसाचा आकडा आणि वाडीची वही वाचायला काय हरकत आहे? विहाराच्या अंगणात पर्जन्यमापक डबा, भिंतीवर 1077 आणि तहसीलदार कचेरीचा क्रमांक, आत सतरंज्या, मोठे पातेले, चार बॅटऱ्या, रस्सी. आणि दारावर कुलूप असेल तर त्याची किल्ली शेजारच्या घरी. निवारा म्हणून विहार उघडला तर तो सगळ्यांसाठी, वाडीसाठीही आणि मोठ्या गावासाठीही. ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांची नातवंडे उद्या आपल्या छपराखाली आली, तर त्यांना आधी कोरडे कपडे द्यावेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, भट्टीवरची माणसे परतल्यावर, सरपंचांनी विशेष ग्रामसभा बोलवावी असा लेखी अर्ज प्रत्येक शाखेने द्यावा. नियमित सभेआधी महिलांची सभा होते, तशी तीही आधी मागावी, कारण झऱ्याचे पाणी गढूळ झाले हे सर्वांत आधी पाणी भरणारीलाच कळते. ठरावात वाड्यांची नावे एकेक करून लिहून घ्यावीत, 'ग्रामपंचायत हद्दीतील सर्व' असे मोघम नको. प्रत्येक वाडीची भूवैज्ञानिक तपासणी आणि जिल्हा आराखड्यात नोंद, शाळेची किल्ली, आपदा मित्रांत वाडीतले दोघे, पायवाटेचा वनहक्क कायद्याखालचा प्रस्ताव, एवढ्या बाबी पुरेत. ठरावाची नक्कल मागावी आणि ती तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी. '15 ऑगस्टच्या ग्रामसभेत बघू' असे उत्तर मिळेल, ते मान्य करू नये. महाडच्या दरडी 25-26 जुलैच्या, तळिये 22 जुलैचे, माळीण 30 जुलैचे, इर्शाळवाडी 19 जुलैची. 15 ऑगस्ट फार उशिरा येतो.